बाप्तिस्म्यानंतरचे दुःख : पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मपर लेखनातील आशेचे स्वरूप

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. पहिले अंग वाङ्मयेतिहासाचे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६), बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७), रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६) हे या प्रवाहातील टप्पे म्हणून नोंदविले जातात व त्यांच्या अग्रत्वाची किंवा भाषिक गुणांची चर्चा होते. दुसरे अंग धर्मांतराचे. ख्रिस्ती आत्मचरित्र म्हटले की अभ्यासकाची दृष्टी बाप्तिस्म्याच्या प्रसंगावर खिळते. लेखकाने धर्म का बदलला, त्यामागे वैचारिक कारण होते की सामाजिक, त्यासाठी त्याने कोणती किंमत मोजली, हे प्रश्न मध्यवर्ती ठरतात. बाप्तिस्म्यापर्यंतचा भाग उत्कंठेचा आणि त्यानंतरचा भाग उपसंहाराचा, अशी वाचनाची एक रूढ चाकोरी त्यातून तयार झाली आहे.

या चाकोरीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला राहतो. संकटाच्या काळात श्रद्धेतून आशा मिळते, असे ख्रिस्ती लेखनात वारंवार सांगितले जाते. ही आशा नेमकी कसली असते? दुःख संपेल ही खात्री, दुःखाला अर्थ आहे ही समजूत, की दुःख असतानाही हातातले काम सोडू न देणारे एखादे बळ? याचे उत्तर धर्मांतराच्या प्रसंगात शोधून फारसे सापडत नाही, कारण त्या प्रसंगी आशा ही केवळ घोषणा असते. तिची परीक्षा पुढे होते. म्हणून पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक या दोन समकालीन लेखिकांच्या आत्मपर लेखनातील बाप्तिस्म्यानंतरच्या भागाकडे प्रस्तुत निबंधात लक्ष वेधावयाचे आहे. दोघींच्या आयुष्यात दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे एकाच दशकात आली. दोघींचे कार्यक्षेत्रही पुणे–अहमदनगर या परिसरात एकमेकांच्या जवळ होते. असे असूनही दोघींच्या लेखनातील आशेची घडण भिन्न आहे, आणि या भिन्नतेतच तिचे खरे स्वरूप उकलते.

२

प्रथम 'आशा' या शब्दाचा विचार केला पाहिजे. भारतीय परंपरेत हा शब्द सरळ गुणवाचक नाही. संस्कृत सुभाषितांत आशा ही माणसाला धावडवणारी बेडी म्हणून येते. गीतेतील 'निराशी' हे विशेषण खचलेल्या माणसाचे नसून अपेक्षेतून मोकळ्या झालेल्या साधकाचे आहे. मराठी संतवाङ्मयातही आशा बहुधा तृष्णेच्या जोडीने येते आणि ती सोडण्याचा उपदेश होतो. त्याच वाङ्मयात 'आस' हा शब्द मात्र वेगळ्या प्रकाशात दिसतो. विठ्ठलाच्या भेटीची आस सोडायची नसते, ती वाढवायची असते. तिच्या शेजारी 'भरवसा' हा तिसरा शब्द आहे. तो भविष्यातील लाभापेक्षा एखाद्या व्यक्तीवरील विसंबण्याचा निर्देश करतो. थोडक्यात, आशा ही वस्तूची असते, आस ही भेटीची असते आणि भरवसा माणसाचा किंवा देवाचा असतो.

ख्रिस्ती विचारात आशेला विश्वास आणि प्रीती यांच्या पंक्तीत स्थान आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ही त्रयी येते. बायबलच्या मराठी भाषांतरांबरोबर हा शब्द मराठी वाचकासमोर आला, तेव्हा बंधनवाचक शब्दाला सद्गुणाचा अर्थ प्राप्त झाला. हा अर्थबदल शब्दकोशात सहज नोंदवता येतो. जगण्यात तो कसा उतरला, हे पाहण्यासाठी मात्र आत्मचरित्राकडेच जावे लागते.

येथे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील एक क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. तेथे संकटातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि शीलातून आशा निर्माण होते, असे पौल सांगतो. सामान्य समजूत याच्या उलट आहे. आधी आशा असते आणि तिच्या बळावर माणूस संकट सोसतो, असे आपण मानतो. पौलाच्या क्रमात आशा शेवटी येते. ती हाती असलेले भांडवल नसून सोसण्याच्या प्रक्रियेतून निघणारे फळ आहे. बायबलमधील ईयोबाचे पुस्तक आणि विलापगीत यांचाही हाच धडा आहे. ईयोबाला आपल्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत सांगितले जात नाही, आणि त्याचे दुःख शास्त्राधारे समजावून सांगणाऱ्या मित्रांचीच अखेर कानउघाडणी होते. दुःखाचे स्पष्टीकरण आणि दुःखातील आशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद येथे स्पष्ट होतो. पुढील विवेचनाचा तोच आधार आहे.

३

बाप्तिस्म्यानंतरच्या लेखनाचे वेगळेपण कळण्यासाठी 'यमुनापर्यटन' हा पूर्वसंदर्भ उपयोगी ठरतो. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी तीनच वर्षांनी लिहिलेल्या या कादंबरीत यमुना व तिचा पती विनायक प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना निरनिराळ्या विधवांची दुःखे दिसतात. पुढे विनायकाच्या मृत्यूमुळे यमुनेवर तीच वेळ येते. शेवटी ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. विधवांच्या स्थितीचे इतके सविस्तर आणि संतप्त चित्र त्यापूर्वी मराठी गद्यात आलेले नव्हते. ते या कादंबरीचे ऐतिहासिक मोल होय.

तथापि रचनेच्या दृष्टीने पाहता, या कथेत बाप्तिस्मा हे कथानकाच्या गाठीचे उत्तर आहे. दुःख अलीकडे आणि निवारण पलीकडे अशी सरळ विभागणी तेथे दिसते. यमुनेच्या नव्या आयुष्यात पैशाची ओढाताण आहे काय, नवा समाज तिला कसा वागवतो, जुन्या नात्यांची आठवण तिला छळते काय, या प्रश्नांना कादंबरीत वाव नाही. प्रचाराच्या हेतूने लिहिलेल्या कथेला असा शेवट आवश्यकच होता. पण यातून निष्पन्न होणारी आशा ही निवारणाची आशा आहे. प्रत्यक्ष जगलेल्या दोन स्त्रियांनी पुढे जे लिहिले, त्याने ही विभागणी टिकू दिली नाही.

४

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले होते आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत फिरे. १८७४ पासूनच्या दुष्काळकाळात थोड्याच महिन्यांच्या अंतराने रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. ही हकीकत त्यांनी १८९७ मधील दुष्काळविषयक निवेदनात व १९०७ मधील 'साक्षी'त सांगितली आहे. दोन्ही लेखने इंग्रजीत आहेत. त्यांतील सर्वांत विदारक भाग उपासमारीच्या वर्णनापेक्षा तिच्या कारणमीमांसेत आहे. घरात विद्या होती, पण पोट भरणारे कसब नव्हते. अंगमेहनतीचे काम करणे जातीच्या प्रतिष्ठेला न शोभणारे होते. जवळचे द्रव्य व्रते, दाने आणि देवदर्शन यांत संपले. वडिलांच्या मनात जलसमाधीचा विचार आला आणि मुलाने मोलमजुरी करण्याची तयारी दर्शविली, या दोन गोष्टी रमाबाई शेजारी शेजारी ठेवतात. त्यावर भाष्य करण्याची त्यांना गरज वाटत नाही.

पुढे भावाबरोबर त्यांनी हजारो मैल पायी प्रवास केला. झेलम नदीच्या काठी थंडीत वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून रात्र काढल्याची त्यांची आठवण आहे. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी यांचे पटकीने निधन झाले. म्हणजे इंग्लंडमध्ये २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला त्या वेळी एक लहान मुलगी वगळता जवळचे जवळजवळ सर्वजण त्यांनी गमावले होते. अशा स्त्रीच्या आत्मनिवेदनात बाप्तिस्मा हा दुःखाचा शेवट म्हणून आला असता, तर ते स्वाभाविक ठरले असते.

रमाबाई नेमके तसे करीत नाहीत. बाप्तिस्म्यापूर्वी ज्या गोष्टीने त्या हलल्या ती कोणतीही तात्त्विक मांडणी नव्हती. लंडनमधील फुलम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले कार्य त्यांनी पाहिले, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना त्या कार्यासंदर्भात समजली. याहून महत्त्वाचे विधान पुढे येते. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, असे त्या सांगतात. आत्मचरित्राच्या रचनेवर या विधानाचा दूरगामी परिणाम होतो. बाप्तिस्मा हा कळस न राहता प्रवासातील एक मुक्काम ठरतो. ज्ञान आणि भरवसा यांतील अंतर त्या स्वतःच्या उदाहरणाने उघडे करतात. संस्कृत पंडिता म्हणून गौरविल्या गेलेल्या स्त्रीने, आपल्या बुद्धीने स्वीकारलेला धर्म आपल्याला पुरला नाही, अशी कबुली द्यावी, यातील प्रांजळपणा लक्षणीय आहे.

या भरवशाची कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळात लागली. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले शारदा सदन तोपर्यंत पुण्यात स्थिरावले होते. १८९३ च्या वादात अनेक हिंदू हितचिंतकांनी पाठिंबा काढून घेतला होता. अशा स्थितीत रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो उपाशी मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे सदनात नव्या मुली ठेवता येईनात. म्हणून पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथील जमिनीवर तात्पुरता निवारा उभारावा लागला. 'मुक्ती'चा प्रारंभ असा अडचणीतून झाला. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजाराच्या पुढे गेली.

दुष्काळपीडितांना पाहताना रमाबाईंना स्वतःचा १८७० च्या दशकातील दुष्काळ आठवला. आशेची घडण समजण्याच्या दृष्टीने हा दुवा निर्णायक आहे. त्यांच्या बाबतीत आशा भविष्याच्या कल्पनेतून येत नाही, ती स्मृतीतून येते. आपण वाचलो, या जाणिवेचे रूपांतर आता दुसऱ्याला वाचविणे शक्य आहे या कृतीत होते. ज्या कारणांनी त्यांच्या कुटुंबाचा घात केला त्या कारणांना 'मुक्ती'च्या रचनेत एकेक उत्तर दिसते. घरी कसब नव्हते, म्हणून केडगावला विणकाम, शेती, छपाई शिकविली गेली. घरी अंगमेहनत हलकी मानली जाई, म्हणून तेथे सर्वांनी काम करावयाचे ठरले. आई-वडिलांच्या मृत्यूचे शास्त्रीय वा दैवी स्पष्टीकरण रमाबाई शोधीत बसल्या नाहीत. त्या मृत्यूची पुनरावृत्ती होणार नाही अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. येथे आशा ही मनोवृत्ती कमी आणि संस्था अधिक आहे.

या आशेत मुकाट्याने सोसण्याचा उपदेशही नव्हता, हे नोंदविले पाहिजे. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या हालांविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रातून सरकारविरुद्ध जाहीर तक्रार केली. श्रद्धा आणि राज्यकर्त्यांशी निष्ठा यांचे समीकरण मांडणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटेल. ईयोबाच्या पुस्तकाशी परिचित असलेल्या वाचकाला मात्र तो वाटणार नाही, कारण त्या परंपरेत तक्रार ही श्रद्धेच्या विरोधात जात नाही.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हीच वृत्ती दिसते. हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले. ते खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजावे हा त्यांचा हेतू होता. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. संस्थेची वारसदार म्हणून जिच्याकडे पाहिले जात होते तीच गेल्यावर भविष्याची आशा म्हणून काही उरले नव्हते. काम मात्र थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

५

लक्ष्मीबाई टिळकांच्या लेखनाकडे वळताना प्रथम स्वराचा फरक जाणवतो. रमाबाईंची 'साक्ष' उपासनेतील निवेदनासारखी आहे. 'स्मृतिचित्रे' माजघरात बसून सांगितलेल्या गोष्टींसारखी आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले कुटुंबातला. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक हा ग्रंथातील पहिल्याच पर्वाचा विषय आहे. त्यांना शालेय शिक्षण मिळालेले नव्हते. पती नारायण वामन टिळक प्रतिभावान, उदार आणि लहरी. त्यांचे अचानक निघून जाणे, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे, क्षणात भडकणे आणि क्षणात विरघळणे, हा संसाराचा नित्यक्रम होता. दत्तूच्या आधीच्या मुलांचे मृत्यूही याच काळातले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा प्रसंग आशेचा नव्हता, सर्वनाशाचा होता. पती जिवंत असून नसल्यासारखा झाला. पुढील सुमारे साडेचार वर्षे त्या लहान मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या, काही काळ पंढरपुरातही होत्या. ख्रिस्ती वाङ्मयातील धर्मांतरकथा बहुधा धर्मांतर करणाऱ्याच्या बाजूने सांगितली जाते. 'स्मृतिचित्रे'त ती मागे राहिलेल्या व्यक्तीच्या बाजूने येते, आणि हे सांगणारी व्यक्ती पुढे स्वतः ख्रिस्ती झालेली असूनही त्या वेळच्या आपल्या दुःखाला ती नंतरच्या श्रद्धेचा मुलामा देत नाही. त्या वेळी जे वाटले ते तसेच ठेवले आहे. याच विरहाच्या काळात त्यांच्या हातून कविता होऊ लागली, ही बाबही अर्थपूर्ण आहे. श्रद्धेच्या आधी शब्द आला.

पतीकडे परतल्यावरही त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. एका घरात दोन चुली राहिल्या. जातीचा विटाळ मनातून गेला तो एखाद्या प्रवचनाने गेला नाही. स्वतःशी केलेल्या विचाराने आणि रोजच्या सहवासाने तो हळूहळू सुटला. आपण ख्रिस्ती झालो तरी जात टिकवणार असू तर त्या होण्याला अर्थ काय, हा प्रश्न त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच निकालात काढला. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. चार भागांच्या ग्रंथात हा प्रसंग शेवटी येत नाही आणि त्याचे वर्णनही थाटाचे नाही. त्यानंतरची छत्तीस वर्षे अजून जगावयाची होती.

या छत्तीस वर्षांत काय आले? दुष्काळात पोरकी झालेली मुले घरात आली आणि आधीच तुटपुंजा असलेला शिधा अधिक तोंडांत वाटला गेला. अहमदनगरला प्लेग आला, तेव्हा आजारी मुलींच्या शुश्रूषेसाठी लक्ष्मीबाई छावणीत जाऊन राहिल्या. मुलासारखे घरात राहिलेले बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी अपघातात गेले. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचेही निधन झाले. त्यानंतर मुंबईतील नोकरी, तेथील अस्थैर्य आणि मुलाच्या संसाराबरोबर कराचीला जाणे. यांतील कोणत्याही प्रसंगी श्रद्धेने संकट टळले असे लक्ष्मीबाई म्हणत नाहीत.

मग या ग्रंथात आशा कोठे आहे? ती मुख्यतः विनोदात आहे. लक्ष्मीबाईंच्या विनोदाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे, पण तो बहुधा स्वभावविशेष म्हणून पाहिला गेला. त्याचे श्रद्धेशी असलेले नाते तपासले गेले नाही. हा विनोद दुःख नाकारणारा नाही. पैसे नसताना पैसे नाहीत, असे तो सरळ सांगतो. मात्र घडलेल्या आपत्तीला शेवटचा शब्द बोलू देण्याचे तो नाकारतो. प्लेगच्या छावणीच्या शेजारी घरातला एखादा हास्यास्पद प्रसंग येतो, तेव्हा मृत्यूचे गांभीर्य उणे होत नाही. मृत्यूच्या शेजारी आयुष्य चालू आहे, एवढे दिसते. जगाचा अंतिम हिशेब आपल्या हाती नाही, तो ज्याच्या हाती आहे त्याच्यावर आपला भरवसा आहे, असे मानणाऱ्या माणसालाच स्वतःच्या दुर्दशेवर इतक्या मोकळेपणाने हसता येते. या अर्थाने लक्ष्मीबाईंचा विनोद हे त्यांच्या श्रद्धेचे गद्यरूप आहे.

टिळकांनी तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो अशी भूमिका घेतली आणि अभंगाच्या रूपात ख्रिस्तभक्ती गायिली. त्यांच्या कवितेतील आशेला वारकरी 'आस'चा सूर आहे. ती उत्कट आहे, भेटीसाठी आतुर आहे. लक्ष्मीबाईंकडे ही उत्कटता कमी आहे. त्यांच्याजवळ 'भरवसा' आहे. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्ण केले, ही गोष्ट याच भरवशाची साक्ष देते. शाळेत न गेलेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य हाती घेऊन त्याचे बहुतांश अध्याय स्वतः रचावेत, हे काम उत्साहाच्या एखाद्या लाटेत होत नाही. त्याला रोजची बैठक लागते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग त्यानंतर वाचकांसमोर आला.

६

या दोन लेखिकांच्या लेखनाचा विचार करताना काही आक्षेपांची दखल घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा की, दुष्काळात अन्न देणाऱ्या हाताकडून मिळालेली श्रद्धा ही स्वतंत्र निवड मानता येईल काय? केडगावला आलेल्या मुली उपाशी होत्या, अल्पवयीन होत्या आणि त्यांना परत जाण्यास जागा नव्हती. त्यांच्यापैकी अनेकजणी ख्रिस्ती झाल्या. हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला व तो टाळता येण्यासारखा नाही. रमाबाईंच्या कळकळीबद्दल शंका नसली तरी दाता आणि आश्रित यांच्यातील सत्तेचा संबंध कळकळीने नाहीसा होत नाही.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन स्वरूपाचा आहे. रमाबाईंची दुष्काळनिवेदने इंग्रजीत, मुख्यतः परदेशी ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिली गेली. संस्थेला मिळणारी मदत याच वाचकांकडून येत होती. अशा लेखनात प्रत्येक संकटानंतर देवाने केलेल्या तरतुदीची नोंद येणे हा त्या लेखनप्रकाराचा संकेत होता. म्हणून 'साक्षी'तील आशेचा काही भाग प्रकाराने ठरविलेला आहे, हे मान्य करावे लागेल. 'स्मृतिचित्रे'वर हे बंधन कमी होते. ती मराठीत, मराठी वाचकासाठी लिहिली गेली आणि तो वाचक बहुसंख्येने अख्रिस्ती होता. त्याला पटवून देण्याचा हट्ट लक्ष्मीबाईंनी धरला नाही, म्हणूनच कदाचित तो वाचक या ग्रंथाजवळ थांबला.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. या दोन्ही लेखिका जन्माने ब्राह्मण होत्या. त्याच काळात अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्यांपैकी मोठा वर्ग महार व मांग समाजांतला होता. दुष्काळ आणि प्लेग यांचे चटके त्यांनाच अधिक बसले. त्यांच्या आशेचे वृत्तान्त आपल्यासमोर या प्रमाणात आलेले नाहीत. लक्ष्मीबाईंच्या पानांतून ही माणसे वावरतात, पण ती दुसऱ्याच्या कथेत वावरतात. मराठी ख्रिस्ती आशेचे चित्र या मौनाची जाणीव ठेवूनच पूर्ण मानावे लागेल. जुनी मराठी ख्रिस्ती नियतकालिके, मंडळ्यांचे वृत्तान्त, भजनांचे संग्रह आणि मौखिक आठवणी या दिशेने तपासणे हे पुढील संशोधनाचे काम आहे.

७

आतापर्यंतच्या विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. 'यमुनापर्यटन'मध्ये बाप्तिस्मा हे दुःखाचे निवारण आहे. रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्या आत्मपर लेखनात तो दुःखाच्या मध्यभागी येतो आणि त्यानंतर दुःख कमी होत नाही. त्यामुळे या लेखनातील आशेला निवारणाच्या खात्रीचा आधार उरत नाही. तिला दुसरा आधार शोधावा लागतो. रमाबाईंच्या बाबतीत तो आधार स्मृती आणि तिच्यातून उभी राहिलेली संस्था हा आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो रोजचा संसार आणि त्याकडे पाहणारी विनोदी दृष्टी हा आहे. दोघींनीही दुःखाचे समर्थन करणारे स्पष्टीकरण दिले नाही. दोघींनीही अपुरे काम पुढे चालविले, एकीने भाषांतराचे आणि दुसरीने महाकाव्याचे. पौलाच्या पत्रातील क्रम या दोन आयुष्यांत प्रत्यक्ष उतरलेला दिसतो. संकट आधी, धीर नंतर, आणि आशा सर्वांत शेवटी.

महाविद्यालयीन अध्यापनात 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ बहुधा टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून किंवा प्रसन्न विनोदाचा नमुना म्हणून शिकविला जातो, आणि रमाबाई समाजसुधारणेच्या प्रकरणात येतात. दोघींना एकत्र ठेवून, संकटकाळात माणूस कशाच्या आधाराने टिकतो या प्रश्नासह त्यांचे लेखन वाचले, तर विद्यार्थ्यांसमोर वेगळा ग्रंथ उघडेल. ज्यांचा ख्रिस्ती श्रद्धेशी संबंध नाही अशा वाचकालाही या लेखनातून काही मिळते, कारण ते त्याच्याकडून विश्वासाची मागणी आधी करीत नाही. आपले सगळे काही गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावयाचे, एवढाच प्रश्न ते समोर ठेवते. केडगावच्या जमिनीवर त्याचे एक उत्तर उभे राहिले. दुसरे उत्तर कराचीत, मुलाच्या संसारात राहून पूर्वायुष्याकडे मागे वळून पाहणाऱ्या एका म्हातारीच्या वहीत होते. पहिल्या उत्तराची मोजदाद इतिहासाने केली आहे. दुसऱ्याची दखल श्रद्धेच्या अंगाने घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाकडे उरलेले काम आहे.